नव्यानं ख्रिस्ती विश्वासात आलेल्या भावाला

भावा, जगापासून वेगळं राहायचं म्हणजे पेठ सोडायची, तालमीतले मित्र तोडायचे, घरच्यांशी अबोला धरायचा असं नव्हे. नव्या माणसाची पहिली चूक हीच. बायबलात योहान 17:15 वाच. शिष्यांना जगातून काढून घे, असं प्रभू येशू देवाजवळ मागत नाही. वाइटापासून राख, एवढंच मागतो.

सध्या एवढंच धर:

- मार्काचं शुभवर्तमान. 16 अध्याय, रोज एक, मोबाइल हातात घ्यायच्या आधी.
- रविवारची उपासना. कोल्हापूरचं मोठं वाइल्डर मेमोरियल चर्च असो की घराजवळची लहान मंडळी, म्हणजे छोटं चर्च. तिथं वयानं मोठा एक माणूस बघ, ज्याला खरं सांगता येईल.
- पैसा. खरी कसोटी इथंच लागते. गुजरीत, सराफांच्या पेढीवर कामाला आहेस म्हणतोस, तर वजन, घट, मजुरी गिऱ्हाइकाला आहे तशी सांग. खोट्या पावतीला नाही म्हण. मालक चिडेल कदाचित. आवाज न चढवता बोल, आणि बाकीचं काम दुप्पट चोख कर.

दुसरी चूक नियमांच्या यादीची. सिनेमा बंद, गाणी बंद, आणि जीभ मात्र मोकळी! चहाड्या आधी थांबव (आपल्या मंडळीतही त्या कमी नाहीत). घरच्या नैवेद्याचं ताट खावं की नाही, हे पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) विचार, आईला उपदेश करत बसू नकोस.

लांबलचक उपास, बायबलातलं शेवटचं, प्रकटीकरणाचं पुस्तक, हे सगळं नंतर. आणि घसरलास तर दोन-दोन रविवार तोंड लपवू नकोस. त्याच रात्री देवाजवळ कबूल कर आणि झोप.