पुस्तक आपल्याच गाडीचं आहे का?

वर्कशॉप मॅन्युअल, पार्ट कॅटलॉग, मालकाची पुस्तिका: जुन्या गाड्यांच्या या पुस्तकांची छपाई केव्हाच बंद झाली. घरोघरच्या पेट्यांतून आणि रद्दीच्या ढिगांतून ती अजून निघतात. त्यांच्याबद्दल विदर्भातल्या गावांतून आलेल्या काही पत्रांना ही उत्तरं.

भाऊ, कोठ्यात बाबाची जीप उभी हाय, पेट्रोलची, ७२ सालची. हेड गॅसकेट गेलं. मिस्त्रीनं सारे बोल्ट खोलले तरी हेड निंघत नाई, आता म्हन्ते छिन्नी मारा लागते. घरात जीपचं एक जुनं इंग्रजी पुस्तक भेटलं, पन त्यातलं इंजिन आमच्या इंजिनासारखं दिसत नाई. पुस्तकच चुकीचं हाय का?
— एक शेतकरी, ता. वरुड, जि. अमरावती

आधी छिन्नी खाली ठेवायला सांगा. एक बोल्ट अजून आत आहे.

तुमची जीप म्हणजे सीजे-३बी, उंच बोनेटवाली. तिच्यात 'हरिकेन' नावाचं एफ-हेड इंजिन असतं, २,१९९ सीसीचं. त्याचा इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. इनलेट मॅनिफोल्ड वेगळं नसून हेडमध्येच ओतलेलं आहे. हेडचा एक बोल्ट या मॅनिफोल्डच्या आत, कार्ब्युरेटरच्या बरोबर खाली लपलेला असतो. कार्ब्युरेटर काढून तिथल्या तोंडातून टॉर्चचा उजेड मारा, बोल्टाचं डोकं दिसेल. तो न काढता पहार किंवा छिन्नी घातली, तर हेडला तडा जातो किंवा ब्लॉकच्या घासलेल्या तोंडावर खाच पडते. खाच पडलेल्या जागी नवं गॅसकेटही पाणी सोडतं.

तो बोल्ट निघाल्यावरही हेड चिकटून राहिलं, तर प्लग जागेवर ठेवून हँडलनं दोन फेरे द्या. कॉम्प्रेशननंच हेड सुटतं. नाहीच सुटलं तर लाकडी हातोडीनं बाजूनं ठोका. पुशरॉड काढताना एका पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात ओळीनं खोचून ठेवा, म्हणजे ज्याचा रॉड त्याच्याच जागी परत जाईल. बसवताना बोल्ट मधून बाहेरच्या दिशेनं, तीन फेऱ्यांत ताणा: ३०, मग ५०, शेवटी ६५ फूट-पाऊंड. या इंजिनाच्या पुस्तकातली मर्यादा ६० ते ७० आहे, म्हणजे साधारण ८.३ ते ९.७ किलोग्रॅम-मीटर. इंजिन एकदा तापून पूर्ण थंड झालं की पुन्हा ताणायचं. त्या वेळी कार्ब्युरेटर परत उतरवायचा कंटाळा बहुतेक मिस्त्री करतात, आणि पुढचं गॅसकेट नेमकं तिथूनच जातं.

आता पुस्तकाचं. तुमच्याकडची प्रत बहुधा लष्करी जीपची असावी. १९४४ साली अमेरिकन लष्करानं काढलेल्या टीएम ९-८०३ या पुस्तिकेच्या प्रती आणि फोटोकॉपी सगळीकडे फिरतात. ती विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या गाड्यांची. त्या इंजिनाचे सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, त्यामुळे हेड म्हणजे नुसती सपाट पाटी, वर टॅपेटचं झाकण नाही. चित्र जुळत नाही ते म्हणूनच. पुस्तक खरं आहे, फक्त तुमच्या गाडीचं नाही. त्यातला टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्हजवळ ठेवायच्या फटीचा आकडा तुमच्या इंजिनाला लावू नका. एफ-हेडला इंजिन थंड असताना इनलेट ०.०१८ इंच (०.४६ मिमी) आणि एक्झॉस्ट ०.०१६ इंच (०.४१ मिमी) ठेवायचा. इनलेट वरच्या रॉकरवर, एक्झॉस्ट बाजूचं झाकण काढून. एक्झॉस्ट घट्ट राहिला तर व्हॉल्व्ह तापल्यावर पूर्ण बसत नाही आणि त्याची कड जळते. डिस्ट्रिब्यूटरच्या पॉइंटमध्ये फट ०.०२० इंच, प्लगमध्ये ०.०३०. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, मात्र दोन्ही इंजिनांची एकच, १-३-४-२.

पान्यांबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. ही गाडी इंचाची आहे. ९/१६ चा नट १४.२९ मिमी भरतो. १४ चा पाना बसत नाही, १५ चा फिरतो आणि कोपरे झिजवतो. अर्ध्या इंचाच्या नटावर १३ चा पाना बसतो, पण सैल. गंजलेल्या नटावर तो लावू नये. इंचाच्या पान्यांचा एक सेट या कामात पुस्तकाइतकाच लागतो.

पद्मिनी पूर्ववत करतोय. परदेशातून आलेलं फियाट ११०० डी चं मॅन्युअल एक विक्रेता देतोय, किंमत जबर आहे. घ्यावं का? आणि घेण्याआधी काय तपासावं?
— हिंगणघाट, जि. वर्धा

मोजमापांसाठी घेणार असाल, तर नको. नाव एकच असलं तरी इटलीतल्या ११०० डी मध्ये १,२२१ सीसीचं इंजिन होतं, बोर (सिलिंडरचा व्यास) ७२ मिमी. आपल्याकडच्या फियाट ११०० ला आणि पुढे पद्मिनीला १,०८९ सीसीचं इंजिन राहिलं, बोर ६८, स्ट्रोक (पिस्टनची धाव) दोन्हीकडे ७५. त्या पुस्तकावरून पिस्टन-रिंगा मागवल्या तर ४ मिमी मोठ्या येतील, आणि नुसत्या बोरिंगनं भागेल असा हा फरक नाही. तुमच्या हाती पद्मिनी बनवणाऱ्या मुंबईच्या प्रीमियर कंपनीनं काढलेलं पुस्तक यायला हवं, मळकं असलं तरी.

अॅम्बेसेडरची गोष्ट उलटी. ती मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज ३ वरून आली, त्यामुळे त्या इंग्रजी गाडीचं पुस्तक पुढच्या टॉर्शन बारला, मागच्या पाट्यांना, स्टीअरिंगला चांगलं कामी येतं. इंजिनाला मात्र जपून: सुरुवातीच्या काही गाड्यांत १,४७६ सीसीचं साइड-व्हॉल्व्ह, नंतर १,४८९ सीसीचं ओव्हरहेड-व्हॉल्व्ह, आणि नव्वदच्या दशकात १,८०० चं इसुझू. गाडी तीच दिसते, आतलं इंजिन आणि त्याचं पुस्तक दोनदा बदललेलं असतं.

आमचं मत विचाराल तर पैसे आधी पार्ट कॅटलॉगवर घाला, मॅन्युअलवर नंतर. मॅन्युअलमधले बरेचसे आकडे चांगल्या मिस्त्रीच्या हातात असतात. कॅटलॉगमध्ये प्रत्येक जोडणी सुटी करून दाखवलेली असते: कोणत्या वॉशरनंतर कोणता वॉशर, स्प्रिंगची कोणती बाजू वर, सील आतल्या तोंडाचं की बाहेरच्या. पोत्यात भरून आलेल्या गिअरबॉक्सला त्याचाच आधार. शिवाय पार्ट नंबर सांगितला की भंगारवाल्यालाही 'तसलाच काहीतरी' देता येत नाही. मालकाची पुस्तिका सगळ्यात स्वस्त मिळते आणि उगाच हिणवली जाते. तेलाचं माप, बल्बचे वॅट, टायरमधली हवा तिच्यातच असते.

पैसे पाठवण्याआधी चार पानांचे फोटो मागा: छपाईचं साल असलेलं पान, चेसिस किंवा इंजिन नंबर 'इथून इथपर्यंत' सांगणारं पान, टॉर्कचा तक्ता, आणि शेवटचं घडीचं वायरिंगचं पान. हे घडीचं पान सगळ्यात आधी फाटतं, आणि विक्रेता त्याबद्दल बोलत नाही. नंबर गाडीवरच्या पट्टीशी ताडून पाहा, आरसीशी नव्हे. इंजिन बदललेल्या गाडीचं आरसी बरेचदा जुनंच असतं. समासात पेन्सिलीच्या खुणा असतील तर भाव पाडून मागा, पण खुणा पुसू नका. कुणीतरी प्रत्यक्ष मोजून लिहिलेला आकडा असतो तो.

अॅम्बेसेडरच्या पुस्तकातलं वायरिंगचं पान नेमकं अर्धं फाटलंय. इलेक्ट्रिशियन म्हणतो सगळी नवी लाल वायर टाकू. टाकू का?
— पुसद, जि. यवतमाळ

सगळी लाल वायर टाकली तर पुढच्या बिघाडाला तोच इलेक्ट्रिशियन पुन्हा बोलवावा लागेल. जुन्या इंग्रजी गाड्यांत ल्यूकस कंपनीची वायरींची रंगपद्धत असते, ती पाठ असली की अर्धं पान पुरतं. तपकिरी म्हणजे बॅटरीतून थेट आलेला प्रवाह, पांढरा चावीनंतरचा, हिरवा चावी आणि फ्यूज दोन्ही पार केलेला. जांभळा फ्यूजमधून पण चावीविना, म्हणून हॉर्न आणि आतल्या दिव्याला. निळा हेडलाइट, लाल साइडलाइट आणि टेललाइट, काळा 'अर्थ', म्हणजे बॉडीला जोडलेली वायर. दुरंगी वायरीत मुख्य रंगावरून ती कोणत्या घरची ते कळतं, बारीक रेघेवरून कोणत्या कामाची ते. इन्शुलेशन तडकलेलं असेल तर वायर बदला, पण त्याच रंगाची.

वायर सोडण्याआधी प्रत्येक टोकाला कागदी चिठ्ठी बांधा आणि फोटो काढा. बॅटरीची कोणती तार बॉडीला जोडलीय तेही पाहा. त्या काळच्या इंग्रजी गाड्यांत अनेकदा पॉझिटिव्ह अर्थ असायचं. अशा गाडीत आजच्या सवयीनं निगेटिव्ह बॉडीला लावली, तर अॅमीटरचा काटा उलटा फिरतो, आणि नंतर बसवलेला रेडिओ किंवा अल्टरनेटर असेल तर त्यातले डायोड तिथल्या तिथे जातात.

पावसाळ्यात पुस्तकांना उधई लागते. वडिलांच्या काळची तीन मॅन्युअलं उरली आहेत. लॅमिनेशन करून घेऊ का?
— देसाईगंज, जि. गडचिरोली

लॅमिनेशन नको. उष्णतेनं जुना कागद आणखी ठिसूळ होतो आणि प्लास्टिक पुन्हा काढता येत नाही. उधई जमिनीतून मातीच्या नळ्या करत भिंतीनं चढते. लाकडी फळी भिंतीला टेकलेली असेल तर तिचा रस्ता तयारच. लोखंडी कपाट भिंतीपासून चार बोटं लांब, विटांवर ठेवा, आणि पावसाळ्यात दर आठवड्याला विटांवर नळी दिसते का ते बघा. दिसली तर नुसती झाडू नका, जमिनीतल्या वारुळाचा बंदोबस्त करा. कडुनिंबाचा पाला कसरीला थोडाफार अडवतो, उधईला नाही.

आत किडा शिरलाच असेल, तर पुस्तक हवा काढलेल्या बंद पिशवीत घालून फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर थंड कागदावर दव धरतं. ग्रीसच्या डागावर खडूची भुकटी पसरून दोन्ही बाजूंनी टिपकागद लावा आणि रात्रभर वजन ठेवा. रॉकेल किंवा पेट्रोल लावलं तर डाग पसरतो आणि शाईही. गुळगुळीत कागदाचं पुस्तक भिजलं, तर पानं ओली असतानाच सुटी करा. वाळली की ती एकमेकांना कायमची चिकटतात. उन्हात नको, पंख्याखाली.

मूळ प्रत गॅरेजमध्ये नेऊच नये. मजकुराची पानं ३०० डीपीआयवर, रेखाचित्रं ६०० वर स्कॅन करा. मोबाइलनं काढायचं झालं तर सकाळच्या उजेडात, बरोबर वरून, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून, म्हणजे चित्र मापात छापता येतं.

पुस्तकात लिहिलेलं तेल आता मिळत नाही. काय टाकायचं?
— मेहकर, जि. बुलडाणा

कंपनीचं नाव सोडून द्या, ग्रेड पाहा. तापमानाचा तक्ता फॅरनहाइटमध्ये असतो. मे महिन्यातले आपले ४५ अंश म्हणजे ११३, तेव्हा सगळ्यात उष्ण ओळ धरा. 'एसएई ९०' गिअर तेल लिहिलं असेल तर डब्यावर 'जीएल-४' हा दर्जा लिहिलेलं घ्या. दुकानदार 'हे भारी आहे' म्हणून जीएल-५ देईल. त्यातली रसायनं जुन्या गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रो रिंगा खाऊ शकतात. ब्रेकमध्ये डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल. इंजिन तेलाचा एक थेंबही तिकडे नको, रबरं फुगून ब्रेक सुटेनासे होतात.

पेट्रोलबद्दल पुस्तकाचं ऐकू नका. ही पुस्तकं लिहिली गेली तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं होतं, इथेनॉल नव्हतं. आता २० टक्के इथेनॉलमध्ये जुना रबरी पाइप मऊ पडतो. 'एसएई जे३० आर९' छापलेला पाइप घ्या, आणि गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकी व कार्ब्युरेटरचा फ्लोट चेंबर रिकामा करा.

जीप ५० वर्षांची झाली. व्हिंटेज गाड्यांचा 'व्हीए' मालिकेचा नंबर घ्यायला पुस्तक लागतं का? आणि शेजारच्या गावच्या मित्राला माझ्या मॅन्युअलची झेरॉक्स दिली तर चालेल का?
— मूल, जि. चंद्रपूर

अर्जात पुस्तकाची अट नाही. २०२१ च्या नियमांनुसार गाडी खासगी आणि पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी हवी. चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल झालेला नको. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, १० वर्षांची मुदत, नूतनीकरणाला ५,०००. पेट्रोलच्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवलेलं असेल तर तिथेच अडेल. मूळ इंजिन कोणतं ते दाखवायला कॅटलॉगचं पान बरं पडतं. एक लक्षात असू द्या, हा नंबर घेतला की रोज वावरात किंवा बाजाराला गाडी नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, दुरुस्ती आणि इंधन भरणं, एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची.

झेरॉक्सचं म्हणाल तर छपाई बंद झाली म्हणून कॉपीराइट संपत नाही. पुस्तकं छापून विकू नका. मित्राला त्याच्या कामाची चार पानं हवी असतील, तर त्याच्या गाडीचा चेसिस नंबर आधी मागून घ्या.