काम आवडतंय का, ते पट्टा हातात घेऊन बघ

कुत्र्याला काम खरंच आवडतं का, हे बघायचं असेल तर आधी एक कर. कामाचा पट्टा हातात घे आणि काही न बोलता उभा राहा. तो स्वतःहून येऊन मान पुढे करतो की कोपऱ्यात सरकतो, ते बघ. एकदा नाही, आठवडाभर रोज. माझा बाकी सगळ्यापेक्षा यावरच जास्त भरवसा आहे.

बॉर्डर कॉली जातीच्या कुत्रीला मेंढ्या वळवायला खाऊचं आमिष लागत नाही. नजर रोखणं, दबकत जाणं, पाठलाग करणं हे शिकारीचेच टप्पे. पिढ्यान्‌पिढ्या निवड करून माणसाने ते ठळक केले आणि शेवटचा चावा मागे ढकलला. त्यामुळे काम हेच तिचं बक्षीस. वास काढणाऱ्या कुत्र्याचं वेगळं. त्याला स्फोटकांशी काही देणंघेणं नसतं, सापडल्यावर मिळणारा चेंडू हवा असतो. तोही आनंद खराच, मला तरी त्यात खोट दिसत नाही. कष्ट करून मिळवण्याची ओढ इतर प्राण्यांतही दिसते. १९६३मध्ये मानसशास्त्रज्ञ ग्लेन जेन्सनच्या प्रयोगात समोर फुकट खाणं असूनही उंदीर कळ दाबून खाणं मिळवत होते.

पण तो उड्या मारतोय म्हणजे सगळं ठीक आहे, असं धरून चालू नकोस. कामाची ओढ जबर असलेला कुत्रा उन्हात कोसळेपर्यंत धावतो. त्याला थांबवणं तुझ्याकडे. सारखे ओठ चाटणं, झोप नसताना जांभया, तोंड फिरवणं दिसलं की त्या दिवशी काम बंद.

घोड्याबाबत जास्त सावध राहा, तो बराच काळ मुकाट सोसतो. खोगीर चढवताना कान मागे पडले, शेपटी झटकली, तर आधी पाठ दुखतेय का, खोगीर रुततंय का ते तपास.