उंबरठ्याखालचे पालथे वाडगे

प्रश्न : प्राचीन बॅबिलोनमधील लोक भुताखेतांपासून बचाव व्हावा म्हणून मंतरलेली मातीची भांडी घरात पुरत असत, असे वाचनात आले. एवढ्याशा वाडग्याने घर सुरक्षित राहते, ही श्रद्धा कशावर उभी होती?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ही भांडी बॅबिलोनच्या भूमीतली, म्हणजे आजच्या इराकमधली असली, तरी ती प्राचीन बॅबिलोनचा राजा नेबुखद्नेझर याच्या काळची नाहीत, इसवी सनाच्या पाचव्या ते आठव्या शतकांत, इराणच्या ससानी घराण्याच्या राजवटीत आणि इस्लामच्या आरंभकाळात ती लिहिली गेली. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाने इराकमधील निप्पूर या प्राचीन नगरात 1888 नंतर केलेल्या उत्खननांत ती घरांच्या जमिनीखाली पालथी पुरलेली आढळली आणि 1913 मध्ये अभ्यासक जेम्स माँटगोमेरी यांनी त्यांवरील मजकूर प्रसिद्ध केला.

वाडग्याच्या आतल्या अंगाला शाईने अरमाईक या पश्चिम आशियातील जुन्या भाषेत लिहिलेला मजकूर गोल गोल फिरत जातो आणि तळाशी पुष्कळदा हातापायांत बेड्या असलेली पिशाचाची आकृती काढलेली असते. भांडे पालथे घालण्यामागे पिशाचाला खाली कोंडून ठेवण्याचा हेतू असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. मला मात्र या मजकुराचे खरे बळ त्यातल्या कायद्याच्या भाषेत दिसते. रात्री माणसांना झपाटणारी आणि मुलांचा जीव घेणारी लिलिथ ही घरात बळेच शिरलेली जोडीदारीण आहे असे धरून, यहोशुआ बेन पेराह्या या प्राचीन यहुदी धर्मगुरूच्या नावाने तिला रीतसर सोडचिठ्ठी दिली जाते आणि अंगावर वस्त्र न घेता, मोकळ्या केसांनी घराबाहेर निघून जाण्याची आज्ञा होते. यहुदी रिवाजात सोडचिठ्ठीतील नावे अचूक असावी लागत. म्हणूनच काही वाडग्यांत लिलिथच्या आईबापांचीही नावे घातलेली आहेत. घरच्या माणसांची ओळख मात्र वडिलांच्या नव्हे, तर आईच्या नावाने दिलेली असते. त्यांत इराणी नावेही बरीच असल्याने, हे वाडगे लिहून देणाऱ्या यहुदी लेखकांकडे इतर धर्मांचे लोकही येत असावेत.

काही वाडग्यांवर तर वाचता येईल असे एकही अक्षर नाही, नुसत्या अक्षरांसारख्या रेघोट्या आहेत.

1991 च्या आखाती युद्धानंतर असे शेकडो वाडगे चोरवाटांनी बाजारात आले. त्यांवरचा मजकूर आज वाचता येतो. पण ते कोणत्या घरात, उंबरठ्याखाली की खोलीच्या कोपऱ्यात पुरले होते, ही माहिती लुटारूंनी कायमची नष्ट केली आहे.