मोपाच्या विमानात खिडकी कुठली घेऊ?

प्रश्न : आई पहिल्यांदाच विमानात बसणारे. गाव सावंतवाडीजवळ, म्हणून मुंबई ते मोपा (उत्तर गोव्यातला विमानतळ) असं सकाळचं तिकीट काढलंय. आजवर तिने कोकण बघितलं ते एसटी नाहीतर रेल्वेच्या खिडकीतून. वरून समुद्र, खाड्या दिसाव्यात म्हणून कुठली सीट घेऊ? आणि सीटचे जादा पैसे मागतायत, ते द्यावेत का?
- परळचा एक चाकरमानी

उत्तर : सकाळचं विमान आहे ना, मग डोळे झाकून उजवी बाजू, म्हणजे एफ सीट. नकाशावर मुंबई ते मोपा सरळ रेघ ओढून बघा, ती किनाऱ्याच्या थोडी आत, जमिनीवरून जाते. म्हणजे जाताना अख्खी किनारपट्टी उजव्या हाताला आणि सह्याद्री डावीकडे. शिवाय सकाळी ऊन डावीकडून येतं, त्यामुळे ए सीटवाले शटर खाली ओढून बसतात आणि तुमच्या बाजूचा किनारा मात्र छान उजळलेला असतो. आधी राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी जंजिरा, मग बाणकोट, दाभोळ, जयगड अशा एकामागून एक खाड्या लागतात, आईंना क्रम सांगून ठेवा, त्याच तुम्हाला ओळखून दाखवतील. रत्नागिरीच्या पुढे सड्यांवर, म्हणजे सपाट खडकाळ माळांवर, लाल चौकोनी खड्डे दिसले तर त्या चिरेखाणी, म्हणजे घरासाठी जांभा दगड काढायच्या खाणी, वरून फार विचित्र दिसतात.

आता एक अडचण. कधीकधी विमान समुद्रावरून नेतात, मग सगळं उलटं होतं, किनारा डावीकडे आणि तुमच्या वाट्याला नुसतं पाणी. त्यासाठी विमानांचे मार्ग दाखवणाऱ्या फ्लाइटरडार या साइटवर तुमच्या फ्लाइटचा गेल्या काही दिवसांचा रूट बघा आणि मगच सीट टाका. परतीचं तिकीट दुपारचं असेल तर येताना ऊन आणि समुद्र दोन्ही डावीकडे, पाणी नुसतं चकाकत राहतं, तेव्हा उजवीकडे बसून घाट बघा.

ओळ कुठली, तर पंखाच्या पुढची. पंखावर बसलात तर पंखच बघत जाल, आणि पंखाच्या लगेच मागे इंजिनाच्या गरम हवेमुळे खालचं चित्र हलतं. बोइंग ७३७ असेल तर पंखाच्या थोडं पुढे एखाद्या ओळीला खिडकीच नसते, तिथून एसीचा पाइप वर जातो, आणि पैसे भरून भिंत बघत बसलेले लोक मी बघितलेत!

पैसे द्यावेत का? गणपतीला जात असाल तर अजिबात नको. भाद्रपदात खाली ढगच ढग, ते फुकटच्या सीटवरूनही दिसतात. एप्रिल-मेमध्ये धुरकट असतं. पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या आसपास मात्र खुशाल द्या. आणि खिडकीत आईंना बसवा हो, फोटो काढायच्या नावाखाली तुम्ही नको.

प्रश्न : आम्ही एटीआरने, म्हणजे पंख्याच्या छोट्या विमानाने, चिपीला (मालवणजवळचा सिंधुदुर्ग विमानतळ) जातोय, दुपारी उतरू. मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याला कुठे बसवू?
- पुण्याची एक आई

उत्तर : एटीआरचे पंख छताच्या लेव्हलला असतात, त्यामुळे खालचं झाकलं जात नाही, आणि मोठ्या विमानापेक्षा ते बरंच खालून उडतं. पंखाच्या खालीच किंवा जरा मागे बसवा, उतरायच्या आधी पोटातून चाक बाहेर येतं ते त्याला दिसेल, खाड्याबिड्यांपेक्षा ते त्याला जास्त आवडेल. बाजू म्हणाल तर चिपीची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. दुपारी वारा समुद्रावरून असतो आणि विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरतं, म्हणून बरेचदा घाटाकडून येईल, तेव्हा कर्लीची खाडी उजवीकडे. समुद्राकडून आलं तर तारकर्ली, मालवण आणि सिंधुदुर्ग किल्ला डावीकडे. दोघं आहात तर एक या बाजूला, एक त्या बाजूला बसा असं म्हटलं असतं, पण सहा वर्षांच्या पोराला एकटं कसं बसवणार, उजवी घ्या. एटीआरला चढायउतरायचं दार मागे असतं, तेव्हा पुढच्या सीटसाठी भांडू नका.