एसीचा गॅस दर दोन वर्षांनी भरावाच लागतो का? आणि एसी दुसऱ्या घरी न्यायचा तर खर्च कशाकशाचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : सहा वर्षांचा दीड टनाचा स्प्लिट इन्व्हर्टर एसी, पाटीवर आतल्या गॅसचं नाव आर-४१०ए लिहिलंय, दोन वर्षांत दुसऱ्यांदा मेकॅनिक म्हणतोय ‘गॅस संपला’, आणि महिन्याभरात घर बदलायचंय. गॅस आत्ता भरावा, तिकडे बसवताना भरावा, की सरळ नवा एसी घ्यावा? मी याच कामात आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, एसीतला गॅस संपत नाही. तो जळत नाही की झिजत नाही. आतल्या कॉइलमध्ये तो उकळून वायू होतो आणि खोलीतली उष्णता घेतो, बाहेरच्या कॉइलमध्ये पुन्हा द्रव होऊन ती उष्णता सोडतो. वर्षानुवर्षं तोच गॅस फिरत राहतो. घरातला फ्रिज बघा, त्यातही असाच गॅस असतो आणि बहुतेक फ्रिज तो कधीही न भरता म्हातारे होतात. फ्रिजचे सांधे कारखान्यातच पक्के जोडून येतात. स्प्लिट एसीचे चार सांधे मात्र बसवणाऱ्याच्या हातचे असतात : दोन पाइप, प्रत्येकाची दोन टोकं, टोक कर्ण्यासारखं फुलवून (याला फ्लेअर म्हणतात) नट आवळलेला. नट कमी आवळला तर गॅस गळतो, जास्त आवळला तर फ्लेअरला चीर जाते आणि तरी गळतोच. ठरावीक जोरानेच आवळणारा टॉर्क पाना त्यासाठीच असतो. तो बॅगेत असलेला मेकॅनिक दिसला की मला अर्धी खात्री पटते.

म्हणजे तुमचा गॅस दुसऱ्यांदा कमी झाला असेल, तर पहिल्या वेळी गळती कुणी शोधलीच नाही, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा पैसे दिलेत ते हवेत सोडायच्या गॅसचे.

पण मुळात गॅस कमी झालाय का, हेही बघायला हवं. फिल्टर किंवा कॉइल धुळीने भरली, आतला पंखा मळला, तरी थंडावा कमी होतो आणि कॉइलवर बर्फ जमतो. तेव्हा बर्फ सहसा सगळ्या कॉइलवर पसरतो. गॅस कमी असेल तर आधी बारीक पाइपवर आणि कॉइलच्या तोंडाशीच तेवढा जमतो, बाकी कॉइल कोरडी आणि कोमट राहते. आतल्या युनिटमधून पाणी टपकत असेल तर बऱ्याचदा फक्त ड्रेन पाइप तुंबलेला असतो. नुसता गेज (दाबमापक) लावून ‘प्रेशर कमी आहे’ असं कुणी म्हणालं तर त्यावर जाऊ नका. प्रेशर बाहेरच्या तापमानाबरोबर बदलतं, आणि इन्व्हर्टरमध्ये कंप्रेसरच्या, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाच्या, कमी-जास्त होणाऱ्या वेगाबरोबरही बदलतं. आधी साफसफाई करून घ्या. एसीच्या सगळ्या कामांत स्वस्त काम हेच, आणि कितीतरी तक्रारी तिथेच मिटतात.

साफसफाईनंतरही थंडावा नसेल, तर गळती शोधण्याचं काम. ते असं होतं : उरलेला गॅस रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा, पाइपांत कोरडा नायट्रोजन दाबाने भरायचा, सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं आणि दाब उतरतो का ते बघत थांबायचं. त्यात वेळ जातो, आणि मजुरी त्या वेळेची असते. बिलात ती दिसली तर कुरकूर करू नका. बिलात ‘गॅस चार्जिंग’ एवढी एकच ओळ असेल तर मात्र जरूर करा.

गळती फ्लेअर नटमध्ये निघाली तर तुम्ही सुटलात. टोक कापून नवा फ्लेअर करायचा, काम संपलं. कॉइलमध्येच निघाली तर प्रकरण वेगळं. तांब्याच्या कॉइलला ओलावा आणि घरातल्या रंग, गोंद, साफसफाईच्या द्रव्यांतून येणारी सेंद्रिय आम्लं मिळून अतिसूक्ष्म भोकं पाडतात. एक ब्रेझिंगने (धातू वितळवून डाग देऊन) बुजवलं तरी शेजारची तयारच असतात. अशा वेळी कॉइल बदलणं किंवा एसीच बदलणं, असे दोनच मार्ग उरतात. म्हणूनच गळती घर बदलायच्या आधी शोधून घ्या. कॉइल गेलेली असेल तर तो एसी काढून, नेऊन, पुन्हा बसवण्यावर खर्च कशाला करायचा?

आता हलवण्याचं. चांगल्या चालत्या एसीचा गॅस हलवताना फुकट घालवायचा नसतो. बारीक पाइपचा व्हॉल्व्ह बंद करून कंप्रेसर थोडा वेळ चालवला की गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा होतो. मग जाड पाइपचा व्हॉल्व्ह बंद करून कंप्रेसर लगेच थांबवतात. याला पंप डाउन म्हणतात. ‘हलवलं की गॅस नवा भरावाच लागतो’ असं कुणी म्हणालं तर हे विचारा. तुमच्या एसीला मात्र पंप डाउन करू देऊ नका. गळकी लाइन हवा आत ओढते, आणि हवा मिसळून कंप्रेसर फुटू शकतो. असे अपघात होतात. तुमचा गॅस रिकव्हरी मशीननेच काढायचा. त्यामुळे आत्ता गॅस भरूच नका. गळती शोधा, काढलेला गॅस सिलिंडरमध्ये राहू द्या, आणि नव्या घरी एकदाच भरा. तोवर एसी बंद ठेवा, कारण कंप्रेसरची मोटर परत येणाऱ्या गार गॅसनेच थंड राहते. गॅस कमी असताना एसी रेटला तर आजचं छोटं काम उद्या कंप्रेसरवर जातं.

नव्या घरी सांधे जोडल्यावर नायट्रोजनने पुन्हा तपासणी आणि मग पाइपातली हवा व ओलावा ओढून काढायला व्हॅक्यूम पंप. यावर मी हटून बसतो. गॅसचा फवारा सोडून पाइपातली हवा ‘बाहेर ढकलायची’ पद्धत अजून काही जण वापरतात. त्यात ओलावा आतच राहतो, कंप्रेसरच्या तेलाशी मिसळून आम्ल बनवतो आणि मोटरची वाइंडिंग खातो. एसी त्याच दिवशी बिघडत नाही, म्हणून दोष कुणावर येत नाही. इथे दाब मायक्रॉनमध्ये मोजतात : वातावरणाचा दाब सुमारे ७,६०,००० मायक्रॉन असतो, पाइपातला ५०० मायक्रॉनच्या खाली आला पाहिजे आणि पंप बंद केल्यावरही फारसा चढता कामा नये. मायक्रॉन गेज दाखवायला सांगा. त्यानंतर पूर्ण गॅस वजनकाट्यावर, पाटीवर लिहिलेल्या ग्रॅमप्रमाणे. आर-४१०ए हे दोन गॅसचं मिश्रण आहे, म्हणून सिलिंडरमधून द्रवरूपातच घ्यायचं.

बसवण्याचा बाकी खर्च बहुतेक पाइपच्या लांबीवर ठरतो. कारखान्यातून भरलेला गॅस ठरावीक लांबीपर्यंतच पुरतो, त्यापुढे प्रत्येक मीटरला थोडा वाढवावा लागतो. किती, ते मॅन्युअलमध्ये असतं. म्हणून दोन्ही युनिटं शक्य तितकी जवळ बसवा, पण तांबं वाचवायला बाहेरचं युनिट बंद कोपऱ्यात कोंबू नका. त्याचीच गरम हवा त्याला परत मिळाली तर वीजबिल वाढतं. ‘स्टँडर्ड इन्स्टॉलेशन’मध्ये किती मीटर पाइप, ब्रॅकेट, भिंतीचं भोक, ड्रेन आणि वायरिंग यांतलं काय धरलंय, ते आधीच लिहून घ्या. स्वतंत्र एमसीबी आणि अर्थिंग नसेल तर ते वेगळं निघेल, आणि तिथे काटकसर करू नये.

नवा घ्यावा का? गळती सांध्यात असेल तर नको, सहा वर्षं काही फार नाहीत. फक्त एवढं लक्षात घ्या की तुमच्या एसीत कंप्रेसर चालवणारा पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटची पाटी) हा महागडा भाग आहे. जुन्या ठरावीक वेगाच्या एसीत कपॅसिटर बदलून जसं बऱ्याचदा भागतं, तसं इथे होत नाही. कॉइल आणि पीसीबी दोन्ही एकदम गेले असतील तर मी तरी नवाच घेईन. आर-४१०ए चा तापमानवाढीचा आकडा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,०८८ पट आहे, आर-३२ या दुसऱ्या गॅसचा ६७५ पट. २०१६च्या किगाली करारानुसार असे गॅस टप्प्याटप्प्याने कमी करायचे आहेत, म्हणून नवे एसी बहुधा आर-३२ वर येतात. कुणी तुमच्या जुन्या एसीत आर-३२ भरून देतो म्हणाला तर नाही म्हणा. तो सौम्य ज्वलनशील आहे आणि तुमचं मशीन त्यासाठी बनवलेलं नाही.