आईचा जुना स्नो ग्लोब दुरुस्तीला द्यायचा आहे, कारागीर कसा निवडावा?

तुमच्या आईंनी 1985 मध्ये व्हिएन्नाहून आणलेला स्नो ग्लोब, म्हणजे हलवला की आत खोटा बर्फ पडणारा पाण्याचा काचेचा गोळा, आतलं पाणी पिवळट झालेलं, वर दोन बोटं हवा, आणि न्यू जर्सीत तो कुणाच्या हाती सोपवावा ते कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी या वाटेने गेले आहे आणि पहिल्यांदा फसलेही आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्याकडचा ग्लोब बाबांचा. 1998 मध्ये ते पहिल्यांदा आमच्याकडे शिकागोला आले, तेव्हा नातीसाठी घेतलेला. आत उंच इमारती, खाली चावीचं संगीत. बाबा गेल्यानंतर काही वर्षांनी पाणी गढूळ झालं आणि मी तो एका दुरुस्तीवाल्यांकडे पाठवला. परत आला तो अगदी लख्ख. पण हलवला तर सगळा बर्फ दोन सेकंदांत तळाशी. पूर्वी तो कसा रेंगाळत उतरायचा! चावी दिली तर सूरही वेगळेच. पाणी झिरपून संगीताच्या यंत्राला गंज चढला होता, म्हणून त्यांनी नवं बसवलं आणि जुनं टाकून दिलं. मला एका शब्दाने विचारलं नाही. त्या दिवशी मी खूप रडले.

तेव्हापासून कारागिराची पारख मी तो काय विचारतो त्यावरून करते. दुसऱ्यांदा ज्यांच्याकडे गेले त्यांचा पहिलाच प्रश्न होता, “बर्फ पडताना दिसेल असा एखादा जुना व्हिडिओ आहे का?” लेकीच्या वाढदिवसाच्या व्हिडिओत बाबा ग्लोब हलवताना दिसत होते, तो पाठवला. बर्फाचा वेग आतल्या द्रवावर ठरतो. नुसतं पाणी असेल तर कण भराभर खाली येतात, ग्लिसरीन मिसळलं की सावकाश. कणांचा आकार आणि वजनही बघावं लागतं. त्यांनी बरणीत वेगवेगळी प्रमाणं करून व्हिडिओशी ताडून पाहिली. चार महिने लागले, पण बर्फ तसाच पडू लागला. बाबांची धून मात्र परत मिळाली नाही. म्हणून काढलेला प्रत्येक जुना भाग, मोडका असला तरी, परत पाहिजे, हे आधीच लेखी ठरवा.

आता तुमच्या ग्लोबविषयी. आतल्या मूर्तीचा रंग ही सगळ्यात नाजूक गोष्ट. काच आणि पाणी बदलता येतं, चाळीस वर्षांपूर्वीचा हाताने दिलेला रंग नाही. “रंगाचे पोपडे निघाले तर काय कराल?” असं विचारा. “काही होणार नाही” एवढंच उत्तर आलं तर मी तरी तिथे देणार नाही. जो म्हणेल की आधी उघडून बघतो, फोटो पाठवतो, मग खर्च सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवा. काच शाबूत असेल तर तीच ठेवायला सांगा. बदलावीच लागली तर गोळ्याच्या व्यासाबरोबर तोंडाचं मापही जुळावं लागतं. थोडीशी हवा राहिली तर तक्रार करू नका, उन्हाने पाणी फुगतं तेव्हा तेवढी जागा लागते.

पाठवायचं असेल तर कडाक्याच्या थंडीत नको. वाटेत पाणी गोठलं की काच तडकते.

व्हिएन्नाचा आहे म्हणता, तर बुडाखाली निर्मात्याचं नाव किंवा शिक्का आहे का ते पाहा. तिथल्या हर्नाल्स भागात पेर्झी कुटुंब 1900 पासून हे गोळे बनवतंय. एर्विन पेर्झी शस्त्रक्रियेची उपकरणं बनवायचे. दिव्याचा उजेड वाढवण्यासाठी त्यांनी पाणी भरलेल्या काचेच्या गोळ्यात रवा टाकून पाहिला आणि तो बर्फासारखा खाली उतरताना दिसला, तिथून ही सुरुवात. त्यांचा पहिला ग्लोब मारियात्सेल या ऑस्ट्रियातल्या तीर्थक्षेत्राच्या चर्चचा. बर्फ कशाचा करतात हे ते आजही कुणाला सांगत नाहीत. तुमचा त्यांचा निघाला तर इतर कुणालाही उघडू देण्याआधी त्यांना फोटो पाठवून विचारा. इथला कारागीर कितीही चांगला असला तरी तो बर्फ त्याच्याकडे नसणार, म्हणून आतले जुने कण गाळून पुन्हा वापरायला सांगा.

तोवर गळत असेल तर लहान मुलं आणि मांजर-कुत्र्यांपासून लांब ठेवा. काही ग्लोबमध्ये गोठू नये म्हणून इथिलीन ग्लायकॉल घालतात, ते चवीला गोड पण विषारी असतं. खिडकीच्या उन्हातही ठेवू नका. गोळा भिंगासारखा ऊन एकवटतो आणि त्याने आगी लागलेल्या आहेत.

आणि ग्लोब हातातून सोडण्याआधी त्याचा व्हिडिओ काढा, चांगल्या उजेडात, बर्फ पूर्ण तळाशी बसेपर्यंत. आई तुमच्याजवळच असतात असं लिहिलंय, तर त्यांनाच हलवायला सांगा.