आधीची अठरा वर्षं

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘ऑर्लोव्ह या अधिकारी भावांनी पलटणी फितवल्या आणि कॅथरीन रशियाच्या गादीवर बसली. मग प्रबंधात मी लिहू काय?’ तुझ्या मार्गदर्शकांना सगळं उत्तर उठावाच्या, 9 जुलै 1762 च्या सकाळी दिसतं. ती सकाळ तूर्त बाजूला ठेव. आधीची अठरा वर्षं वाच.

1744 मध्ये सोफी, म्हणजे पुढची कॅथरीन, रशियात आली तेव्हा ती चौदा वर्षांची होती. घर छोट्याशा जर्मन संस्थानिकाचं, कुणाच्या खिजगणतीत नसलेलं. रात्री अनवाणी फेऱ्या घालत रशियन धडे घोकताना ती आजारी पडली, पार मरणाच्या दारात गेली. आई लुथरन पाद्री बोलवू म्हणाली, तर पोरीने रशियन ऑर्थोडॉक्स पंथाच्या सिमोन तोदोर्स्की या धर्मगुरूला बोलावून घेतलं. त्याच वर्षी तिने धर्म बदलला, श्रद्धावचन रशियनमध्ये म्हटलं आणि ती येकातेरिना, म्हणजेच कॅथरीन, झाली. ढोंग म्हणतेस? अगं, 1754 मध्ये मुलगा झाला आणि रशियाची महाराणी एलिझाबेथने तो जन्मताच उचलून नेला, तरी ती त्या दरबारात पाय रोवून राहिली. इतकी वर्षं टिकणाऱ्या ढोंगाला मी ढोंग म्हणत नाही.

आता शेजारी तिचा नवरा ठेव. पीटर म्हणजे थोरल्या पीटर झारच्या मुलीचा मुलगा, वारसा त्याचाच. हिच्या अंगात रोमानोव्ह राजघराण्याच्या रक्ताचा थेंब नाही. तरी परका कोण ठरला? तो! गादीवर येताच त्याने प्रशियाच्या फ्रेडरिकला रशियाने जिंकलेला मुलूख परत केला, गार्ड पलटणींना प्रशियन धर्तीचे गणवेश चढवले आणि होल्स्टाइन या आपल्या जर्मन संस्थानासाठी डेन्मार्कवर चालून जायची तयारी मांडली. एलिझाबेथच्या शवपेटीशी काळ्या कपड्यांत गुडघे टेकलेली दिसली ती कॅथरीन. ऑर्लोव्हांनी फितवलं, मान्य. पण नाव कुणाचं घेऊन? गार्डांची इझ्माइलोव्स्की पलटण शपथ घ्यायला धावली त्यामागे तीच अठरा वर्षं आहेत.

एक मात्र सांभाळ. तिच्या आठवणी तिनेच लिहिल्यात, पुन्हापुन्हा घडवून. नवरा मूर्ख दिसणं तिच्या सोयीचं होतं. परदेशी राजदूतांचे खलिते लावून एकेक प्रसंग ताडून बघ. आणि उठावानंतर आठ दिवसांत रोप्शाला कैदेत पीटर मेला, तेही झाकू नकोस.

माझ्या प्रबंधातलं शवपेटीचं प्रकरण गाळायला सांगितलं होतं. मी गाळलं नाही. पदवी रखडली, नोकरी गेली, घरचे अजून हट्टी म्हणतात. म्हणोत. ते प्रकरण गाळलं असतं, तर उरलेल्या पानांत बाजारगप्पांखेरीज होतं काय?

तुला घाई आहे, शिष्यवृत्ती संपत आलीय, कळतं मला. पण रडून पानं भरत नाहीत. दिवाळीआधी पहिलं प्रकरण पाठव, 1744 पासून. तिसऱ्या प्रकरणाआधी ऑर्लोव्ह दिसला तर न वाचता परत येईल.

तुझा,
काका